व्होल, लेमिंग आणि हिमयुग: जात तीच, जागा तीच, कुळं मात्र वेगळी

गारगोटी

मागच्या शनिवारी आमच्या मांजरीनं स्वयंपाकघराच्या दारात एक व्होल, म्हणजे उंदरासारखा छोटा प्राणी, आणून ठेवला. मेलेला, पण अंगावर ओरखडाही नव्हता. मी इंग्लंडच्या उत्तरेकडे, यॉर्कशरमध्ये राहते. कुंपणाच्या झुडपांत हे प्राणी भरपूर आहेत, तरी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिला. हातमोजा घालून तळहातावर घेतला. वजन दोन सुपाऱ्यांइतकं. नाक बोथट, कान केसांत बुडालेले, शेपूट अंगाच्या निम्मी, पाठीवर विटकरी झाक. हा बँक व्होल. याला मराठी नाव नाही, कारण आपल्याकडे हा नाहीच. भारतात व्होल आहेत ते हिमालयात, आणि तेही वेगळ्या जातींचे.

रोझमेरीच्या झुडपाखाली पुरला आणि मग त्याच्याबद्दल वाचत बसले. दोन रात्री गेल्या. जे सापडलं ते इथे मांडल्याशिवाय राहवेना.

शेवटचं हिमयुग ऐन भरात होतं ते साधारण २६,००० ते १९,००० वर्षांपूर्वी. स्कॉटलंड, वेल्सचा बहुतेक भाग आणि उत्तर इंग्लंडचा मोठा भाग बर्फाखाली होता, आणि उरलेल्या दक्षिणेत गोठलेली उजाड जमीन. जंगलात राहणाऱ्या व्होलला तिथे थारा नव्हता. पण इतकं पाणी बर्फात अडकलं होतं की समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होती आणि ब्रिटन युरोपला जमिनीनं जोडलेलं होतं. बर्फ वितळायला लागल्यावर प्राणी चालत आले. सुमारे ८,००० वर्षांपूर्वी समुद्रानं ती वाट बुडवली. जे आत आले ते आले, बाकीचे बाहेर राहिले.

इथवर शाळेच्या पुस्तकातलं. पुढचं मला नवीन होतं. हे व्होल एकदा आले नाहीत, दोनदा आले. आधी एक लाट आली आणि सगळीकडे पसरली. मग दुसरी आली आणि तिनं पहिलीला दक्षिणेतून आणि मधल्या भागातून हटवलं. पहिल्या लाटेच्या खुणा आज कडेकडेनं उरल्या आहेत, मुख्यतः उत्तरेत आणि पश्चिमेत. जेरेमी सर्ल आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं की बँक व्होल, फील्ड व्होल आणि छोटी चिचुंद्री अशा वेगवेगळ्या प्राण्यांत साधारण हाच नकाशा दिसतो. केल्टिक भाषा जिथे टिकल्या, जवळपास तोच काठ. माणसांची गोष्ट वेगळी आणि फार नंतरची, तरी नकाशे शेजारी ठेवून पाहिले तेव्हा अंगावर काटा आला.

आणि ही लाट रक्तातही दिसते, अगदी शब्दशः. बँक व्होलच्या हिमोग्लोबिनमध्ये, म्हणजे रक्तात प्राणवायू वाहणाऱ्या प्रथिनात, एका साखळीत ५२व्या जागी दोन पर्याय आढळतात: काहींत सेरीन, काहींत सिस्टीन. एका अमिनो आम्लाचा फरक. उत्तर ब्रिटनमध्ये सेरीनवाले जास्त, दक्षिणेत सिस्टीनवाले. पेत्र कोट्लिक आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की सिस्टीनमुळे तांबड्या पेशी ऑक्सिडीकरणाच्या माऱ्यापुढे जास्त तग धरतात. म्हणजे दुसरी लाट नुसती मागून आली नव्हती, येताना उपयोगाचं काहीतरी घेऊन आली होती. माझ्या रोझमेरीखालचा कुठल्या लाटेचा, हे आता कळायचं नाही. रक्ताचा थेंब ठेवला असता तर, असं राहून राहून वाटतं.

सातमाळा

ताई, लेख आवडला. वाचनखूण साठवली. एक शंका आहे, अडाणी वाटली तर सांभाळून घ्या. थंडी आली की सगळे दक्षिणेला स्पेन, इटलीकडे सरकले आणि ऊब आली की परत वर आले, एवढंच यात आहे का? आणि दुसरं, आजच्या उंदराच्या डीएनएवरून २०,००० वर्षांपूर्वी किती उंदीर होते हे कसं सांगतात?

केवडा

मलाही हेच विचारायचं होतं. आणि चिचुंद्री यात कशी आली? ती उंदराच्या जातीतलीच ना?

टिटवी

केवडाताई, चिचुंद्री उंदरांतली नाही. तिची नातीगोती जमीन पोखरणारा मोल आणि साळूसारखा दिसणारा हेजहॉग यांच्याशी. कृंतकांची, म्हणजे उंदरासारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांची, खूण म्हणजे वर दोन आणि खाली दोन, आयुष्यभर वाढत राहणारे छिन्नीसारखे दात. त्या हिशोबानं खार, शेकरू, घूस आणि साळिंदर ही सगळी एका घरची, चिचुंद्री नाही.

सातमाळा, प्रश्न अजिबात अडाणी नाही. पुष्कळ वर्षं अभ्यासकही असंच मानत होते. गॉडफ्री ह्युइट यांनी नव्वदच्या दशकात युरोपातल्या प्राण्यांचे डीएनए नकाशे एकत्र ठेवले आणि स्पेन, इटली, बाल्कन ही तीन मोठी आश्रयस्थानं मांडली. पुष्कळ प्राण्यांना ते लागू पडतं. पण बँक व्होलनं त्याला छेद दिला. कोट्लिक यांच्याच गटानं २००६ मध्ये दाखवलं की कार्पेथियन डोंगरांत, म्हणजे खूप उत्तरेला, हे व्होल हिमयुगभर टिकून होते. त्या भागात हिमयुगातल्या झाडांचा कोळसाही सापडला आहे. दऱ्यांच्या कुशीत, वारा न लागणाऱ्या ठिकाणी झाडांचे पुंजके असावेत, आणि दोन सुपाऱ्यांच्या वजनाच्या प्राण्याला तेवढं पुरतं. हत्तीला अख्खं जंगल लागतं, व्होलला एक घळ.

आता डीएनएवरून संख्या. पेशीतल्या मायटोकॉन्ड्रिया या छोट्या भागाचा स्वतःचा डीएनए असतो आणि तो फक्त आईकडून येतो. आपल्याकडे आडनाव बापाकडून येतं, तसं हे आईकडून चालत आलेलं आडनाव समजा. वीस घरांच्या वाडीत दहा आडनावं असली, तर दर पिढीत एखाद्या घरी मुलगा होत नाही आणि आडनाव संपतं. काही पिढ्यांनी दोनतीनच उरतात. पण पाचशे घरांच्या गावात तीच दहा आडनावं फार काळ टिकतात. प्राण्यांतही तसंच. संख्या घटली की माता-कुळं भराभर गळतात आणि उरलेल्या सगळ्यांची मूळ आई जवळच्या काळात सापडते. उलट, थोडे उरलेले प्राणी अचानक मोकळ्या रानात पसरले, तर एका मधल्या कुळापासून एकाच अक्षराचा फरक असलेल्या खंडीभर फांद्या फुटलेल्या दिसतात. चांदणीसारखी आकृती येते. अशी आकृती दिसली की समजायचं, इथे आधी टंचाई झाली आणि मग भरभराट.

पण जिवंत प्राण्यांचा डीएनए फक्त उरलेल्यांची गोष्ट सांगतो. संपलेल्यांची सांगायची तर हाडं लागतात. म्हणून मला लेमिंगचं काम सगळ्यात मोलाचं वाटतं.

कॉलर्ड लेमिंग हा टुंड्रातला, व्होलच्या नात्यातला प्राणी. हिवाळ्यात अंग पांढरं होतं आणि पुढच्या पायांची दोन नखं जाड, दुहेरी होतात, बर्फ उकरायला. हिमयुगात तो थेट बेल्जियम, ब्रिटनपर्यंत होता. तिथल्या गुहांत त्याचे दात थरावर थर सापडतात, कारण गुहेत बसणारी घुबडं आणि शिकारी पक्षी शिकारीची हाडं गोळीच्या रूपात ओकून टाकतात आणि ती खाली साचत जातात. थर पाहणाऱ्याला वाटायचं, लेमिंग इथे हजारो वर्षं सुखानं नांदला.

मग त्या दातांतून डीएनए काढला. २०१२ मध्ये वायव्य युरोपातल्या गुहांचं काम आलं, त्यात बेल्जियमची त्रू अल्वेस गुहा होती. २०१६ मध्ये युरेशियाभरातल्या ३०० हून जास्त अवशेषांचं आलं. गेल्या ५०,००० वर्षांत युरोप आणि पश्चिम रशियात एकामागून एक पाच माता-कुळं येऊन गेली होती. एक कुळ पसरायचं, नाहीसं व्हायचं, आणि त्याची जागा बहुधा पूर्व रशियाकडून आलेलं दुसरं कुळ घ्यायचं. वरच्या थरातला लेमिंग खालच्या थरातल्याचा वंशज नव्हताच. हिमयुगानंतरचे आणि आजचे सगळे नमुने त्या पाचांपैकी एकाच कुळातले निघाले. चार कुळं कायमची गेली आणि हाडं बघून कुणाला पत्ताही लागला नसता.

म्हणून सातमाळा, ‘सरकले आणि परत आले’ हे शब्द मला खटकतात. दक्षिणेला चालत कुणी गेलं नाही. जे उत्तरेत होते ते तिथेच मेले. दुसरीकडे जे जगले होते त्यांची पिलावळ रिकाम्या जागेत पसरली.

गारगोटी

टिटवी, तुमचा शेवटचा परिच्छेद मी मोठ्यानं वाचून नवऱ्याला ऐकवला. मी वर ‘प्राणी चालत आले’ असं सहज लिहिलं होतं. एकेका व्होलचं फिरणं काही मीटरचं, तेव्हा चाललं ते पिढ्यांनी.

देशावरचा_अण्णा

मी भूशास्त्राचा निवृत्त मास्तर. टिटवीनं छान समजावलं. पण एक गोष्ट सुटते आहे. डीएनएतल्या बदलांवरून काळ काढायचा तर बदलाचा वेग माहीत हवा. तो वेग लाखो वर्षांपूर्वीच्या जीवाश्मांवरून ठरवला आणि अलीकडच्या घटनांना लावला, तर तारखा फुगतात, घटना आहे त्याहून जुनी वाटते. घड्याळ कशावर लावलं हे सांगितल्याशिवाय तारीख सांगू नये. वर्गात मी हे फळ्यावर लिहून ठेवत असे.

टिटवी

अण्णा, अगदी मान्य. फील्ड व्होलचं उदाहरण नेमकं याचंच आहे. त्याच्या कुळांत टंचाईची खूण दिसली तेव्हा साहजिकच बोट हिमयुगाच्या ऐन भराकडे गेलं होतं. पुढे हर्मन आणि सर्ल यांनी घड्याळ जवळच्या काळातल्या घटनांवर लावलं, उदाहरणार्थ स्कँडिनेव्हियाकडे जाणारा जमिनीचा पूल समुद्रानं केव्हा बुडवला त्यावर. मग वेग जास्त निघाला आणि टंचाई यंगर ड्रायसमध्ये येऊन पडली.

यंगर ड्रायस म्हणजे साधारण १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीची परतलेली थंडी. हिमयुग सरलं, रानं हिरवी झाली, व्होल उत्तरेकडे पसरले, आणि पुन्हा हजारबाराशे वर्षं कडाका पडला. पसरलेल्यांतले बहुतेक गारठले. जिथे जिथे पुंजके तगले तिथून आजची वेगवेगळी कुळं निघाली. जेमतेम हजार वर्षांची थंडी, पण आजच्या व्होलच्या नकाशावर तिचा ठसा आधीच्या महाथंडीपेक्षा ठळक आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. किती थंडी पडली यापेक्षा ती कुणाला कुठल्या अवस्थेत गाठते, यावर पुष्कळ ठरतं.

गारगोटी

बेटांचा उल्लेख राहिला होता. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर जो व्होल आहे तो ब्रिटनच्या मुख्य भूमीवर कुठेच नाही. त्याचे नातेवाईक सापडतात थेट बेल्जियमच्या बाजूला. सुमारे ५,००० वर्षांपूर्वी शेती करणाऱ्या माणसांच्या होड्यांतून, बहुधा चाऱ्यात किंवा बियाण्यात लपून, तो तिथे पोहोचला. आणि आयर्लंड समुद्रानं आधीच तोडलं गेलं, म्हणून बँक व्होलना तिथे जाताच आलं नाही. १९६४ मध्ये तो तिथे पहिल्यांदा नोंदला गेला, तोही माणसानं विसाव्या शतकात नेलेला. म्हणजे प्रत्येक नकाशात हवामानच शोधू नये. कधी कधी होडी असते.

केवडा

आता माझी पाळी! मी ॲरिझोनात राहते. इथे पॅकरॅट नावाचा उंदीर आहे, निओटोमा. याला गोळा करण्याचं वेड. काटक्या, निवडुंगाचे काटे, हाडं, बाटलीची झाकणं, जे दिसेल ते उचलून कपारीत रचतो. गेल्या वर्षी एका अभ्यास-सहलीत असा एक जुना ढीग हाताळायला मिळाला. काळपट, चकचकीत, डिंकाच्या वडीसारखा. वाटलं डांबर आहे. मार्गदर्शक बाईंनी सांगितलं, हे उंदरांचं वाळलेलं मूत्र, पिढ्यान्‌पिढ्यांचं. कोरड्या कपारीत ते स्फटिकासारखं घट्ट होतं आणि आतल्या काड्या, पानं, लेंड्या त्यात जशाच्या तशा राहतात. नाकाजवळ नेलं तर पाऊस पडल्यावर गोठ्याला येतो तसा मंद वास, आणि त्यात देवदाराचा.

असे ढीग ४०,००० वर्षांपेक्षा जुनेही सापडले आहेत. १९६४ मध्ये वेल्स आणि जॉर्गेन्सन या दोघांनी नेवाडाच्या वाळवंटातले ढीग तपासले आणि आज जिथे जुनिपरचं एकही झाड नाही, तिथल्या ढिगात जुनिपरच्या डहाळ्या निघाल्या. उंदीर आपल्या कपारीपासून लांब जात नाही, तेव्हा डहाळी आसपासचीच. अख्ख्या डोंगराची झाडी बदलल्याचा पुरावा एका उंदराच्या कोठारात!

आणि त्या लेंड्याही कामाच्या. लेंडीची रुंदी उंदराच्या आकारमानानुसार बदलते. फेलिसा स्मिथ, ज्युलिओ बेटनकोर्ट आणि जेम्स ब्राउन यांनी १९९५ मध्ये ढिगांतल्या लेंड्या मापून झुपकेदार शेपटीच्या पॅकरॅटचा २५,००० वर्षांचा आलेख काढला. थंडीच्या काळात उंदीर मोठे, उबदार काळात लहान. मोठं अंग ऊब धरून ठेवतं, लहान अंगातून ती लवकर निघून जाते. तापमान चढलं की आकार उतरतो, पुन्हा गार झालं की वाढतो. म्हणजे काही ठिकाणी ते मेले नाहीत, हटले नाहीत, जागच्या जागी बदलत राहिले. टिटवी म्हणतात त्या दोन वाटांत ही तिसरी.

सातमाळा

केवडाताई, जबरदस्त! आमच्याकडे असं काही का नाही सापडत?

मी चाळीसगावचा. पाटण्याजवळ उत्खननात शहामृगाच्या अंड्याची कवचं निघाली, त्यांवर नक्षीही कोरलेली, सुमारे २५,००० वर्षांपूर्वीची. खानदेशात शहामृग! म्हणजे त्या काळी इथेही हवामान वेगळंच असणार. मग तेव्हा आमच्या शिवारातले उंदीर काय करत होते?

देशावरचा_अण्णा

सातमाळा, पाटणे मी पाहिलं आहे, पाटणादेवीच्या वाटेवरचं.

आपल्याकडे हिमयुगात बर्फ आला नाही, मोसमी पाऊस क्षीण झाला. अरबी समुद्राच्या तळाच्या गाळात त्याची साक्ष आहे. युरोपात घर पुसलं गेलं, इथे घराचं अंगण कमीजास्त होत राहिलं. आंध्रात कर्नूल भागातल्या बिल्लासुर्गम गुहा बघा. रॉबर्ट ब्रूस फूट यांनी १८८०च्या दशकात तिथे खणलं होतं. नव्यानं झालेल्या अभ्यासात, २०१४ मध्ये, तिथल्या सुमारे २,००,००० वर्षांच्या थरांतले प्राणी ओळखले आणि जवळजवळ सगळे आजही उपखंडात आहेत असं दिसलं. इथे डोंगर, नद्यांचे काठ, सदाहरित पट्टे आणि माळ एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत. कोरडं पडलं की ओल्या कोपऱ्यात, ओल आली की बाहेर. माझ्या मते आपल्या प्राण्यांना तारलं ते या गोधडीसारख्या ठिगळांच्या भूमीनं.

मात्र ‘जात टिकली’ आणि ‘कुळ टिकलं’ या दोन वेगळ्या गोष्टी, हे लेमिंगनं शिकवलंच आहे. आपल्या थरांतल्या दातांना तो प्रश्न विचारायला हवा. गरम हवेत डीएनए लवकर विरतो, म्हणून इथे ते काम बेल्जियमपेक्षा कितीतरी अवघड.

व्होलचं म्हणाल तर काश्मीरच्या करेवा थरांत, जिथे आज पांपोरचं केशर पिकतं त्याच जातीच्या मातीत, वीस लाखांहून अधिक वर्षांपूर्वीच्या व्होलचे दात सापडतात. आणि घरच्या उंदराच्या व्यापक कुळाचे सर्वांत जुने दात पाकिस्तानातल्या पोटवारच्या पठारावर, शिवालिक थरांत. उंदरांचं माहेर आपल्या शेजारीच आहे म्हणा ना.

टिटवी

एमएस्सीला असताना मी सह्याद्रीच्या माथ्यांवर शर्मन सापळे लावले आहेत. ॲल्युमिनियमची घडीची पेटी, आत ओट्स आणि शेंगदाण्याचा कूट, थंडीत उंदीर गारठू नये म्हणून कापसाचा बोळा. पहाटे धुक्यात एकेक पेटी उचलायची. हाताला जड लागली की छातीत धडधड. सिंहगडावर तेव्हा आमच्या मनात एकच नाव असायचं, कोंडाणा उंदीर. मिलार्डिया कोंडाना. १९७५ मध्ये सिंहगडावरूनच जगाला माहीत झालेली जात आणि आज धोक्यात असलेली.

माथ्यावरचा प्राणी म्हणजे बेटावरचा प्राणी. आजूबाजूला पाणी नाही, ऊन आहे. अशांचं काय होतं हे कॅलिफोर्नियात फार नीट नोंदलं गेलं. जोसेफ ग्रिनेल आणि सहकारी १९१४ ते १९२० या काळात योसेमिटीभर हिंडले, सापळे लावले, रोजच्या वह्या लिहिल्या, कातडी बर्कलीच्या संग्रहालयात ठेवली. साधारण ९० वर्षांनी दुसरे अभ्यासक त्याच वह्या हातात घेऊन त्याच जागी गेले. २००८ मध्ये निकाल आला: २८ जातींपैकी निम्म्या जातींची हद्द सरासरी ५०० मीटर वर सरकली होती. माथ्यावर राहणाऱ्या अल्पाइन चिपमंक खारीच्या जुन्या कातड्यांतला डीएनए आजच्या खारींशी ताडून पाहिला, तो अभ्यास २०१२ चा. त्यांची विविधता घटली होती आणि वस्त्या एकमेकींपासून तुटल्या होत्या. खालच्या उंचीवरची तिची बहीण-जात, जिची हद्द फारशी हलली नव्हती, तिच्यात असं काही झालं नाही. हजारो वर्षांच्या थरांत जे वाचतो, ते इथे एका माणसाच्या आयुष्याएवढ्या काळात घडलं.

नॉर्वेत तर लेमिंगांच्या दर तीनचार वर्षांनी येणाऱ्या लोंढ्यांची लय १९९४ नंतर मोडली. बर्फाखाली जमिनीलगत कोरडी पोकळी राहते, त्यात लेमिंग हिवाळाभर जगतात. हिवाळा सौम्य झाला की बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो, पोकळी बुजते आणि ते जे शेवाळ खातात त्यावर बर्फाचं कवच चढतं. थंडी कमी झाल्यानं थंडीतला प्राणी उपाशी मरतो.

सातमाळा

टिटवीताई, हे वाचून एक सुचलं. आमच्या शेतातल्या जुन्या कोठीत गव्हाणी घुबडांचं जोडपं आहे. खाली गोळ्यांचा खच असतो. काल एक कोमट पाण्यात भिजवून टाचणीनं उकलली. आत पाच जबडे निघाले! काही दात पिवळसर, एकाचे टोकांना लाल. या गोळ्यांचा कुणाला उपयोग होईल का? वडील म्हणतात कोठी पाडायची आहे दिवाळीनंतर.

टिटवी

लालसर टोकांचे दात बहुतेक चिचुंद्रीचे नाहीत, आपल्याकडच्या चिचुंद्रीचे दात पांढरे असतात. रक्ताचा किंवा मातीचा डाग असेल. फोटो टाक, बघू.

आणि हो, उपयोग नक्की होईल. पाण्यात आता एकही भिजवू नकोस. हातमोजे आणि मास्क घाल. सुक्या गोळ्या कागदी पाकिटात ठेव, प्लास्टिकमध्ये बुरशी येते. वरची, मधली, तळाची अशी वेगळी पाकिटं कर, कारण तळाची जुनी. प्रत्येक पाकिटावर गाव, जागा आणि तारीख लिही. ग्रिनेल यांना खात्री होती की त्यांच्या संग्रहाची खरी किंमत शंभरएक वर्षांनी कळेल, आणि ती कळली कारण लेबलं होती. शिसपेन्सिलीनं लिही, शाई उडते.

घुबडांची अंडी-पिल्लं आत नाहीत ना, हे बघूनच कोठीला हात लावायला सांग वडिलांना. पिल्लं असली तर ती उडेपर्यंत थांबा. मी डिसेंबरात धुळ्याला येणार आहे, तेव्हा चाळीसगावला उतरते.